मानसोपचारतज्ज्ञ व्हायचंय? बारावीपासून पहिल्या नोकरीपर्यंतची वाट

मानसोपचारतज्ज्ञ होण्यासाठी आधी डॉक्टर व्हावं लागतं. ही गोष्ट पहिल्याच ओळीत सांगतो, कारण मनाच्या आजारांवर काम करण्याची मनापासून इच्छा असलेली बरीच मुलं दहावीनंतर मानसशास्त्र घेऊन कला शाखेत जातात. बी.ए., एम.ए. झाल्यावर त्यांना कळतं की या वाटेनं औषध लिहून देण्याचा अधिकार मिळत नाही. तोवर पाच वर्षं गेलेली असतात.

भारतात मानसोपचारतज्ज्ञ कोणाला म्हणायचं हे मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्येच सांगितलेलं आहे. वैद्यकीय पदवी आणि तिच्यावर मानसोपचार विषयातली मान्यताप्राप्त पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असलेली व्यक्ती म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांचं शिक्षण वेगळं असतं. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते आणि मानसशास्त्रीय चाचण्या व थेरपी, म्हणजे बोलण्यातून केले जाणारे उपचार, यांत ते मानसोपचारतज्ज्ञांपेक्षा अधिक तयार असतात. सायकिअ‍ॅट्रिक सोशल वर्कर हा तिसरा व्यवसाय, त्यात रुग्णाच्या घरच्या आणि सामाजिक अडचणींवर काम होतं. यांत वरचा-खालचा कोणी नाही, रोजचं काम मात्र खरोखर निराळं आहे. तासन्‌तास एकेका माणसासोबत बसून थेरपी करणं एवढंच तुम्हाला हवं असेल आणि शरीरशास्त्र, औषधं, रात्रपाळ्या यांची ओढ नसेल, तर मानसशास्त्राची वाट तुमच्यासाठी जास्त योग्य ठरेल. हा निर्णय अकरावीच्या प्रवेशाआधी घ्यायचा आहे.

मनाच्या डॉक्टरला शरीर का शिकावं लागतं

उदास, थकलेली, वजन वाढत चाललेली बाई ओपीडीत येते. तिला नैराश्य असू शकतं, किंवा तिची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असू शकते, किंवा दोन्ही. पंचाहत्तरीचे आजोबा दोन दिवसांपासून भलतंसलतं बोलतायत म्हणून नातेवाईक त्यांना मानसोपचार विभागात आणतात. तपासलं तर लघवीच्या मार्गातला संसर्ग किंवा रक्तातलं घटलेलं सोडियम निघतं. ही अवस्था डिलिरियमची, म्हणजे शारीरिक आजारामुळे अचानक आलेल्या संभ्रमाची असते आणि ती ओळखायला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो. दारू अचानक बंद केलेल्या माणसाला पुढच्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, भास आणि फिट्स येतात, तेव्हा त्याच्याशी नुसतं बोलून उपयोग नसतो.

औषधांचंही तेच आहे. लिथियम हे बायपोलर आजारावरचं उत्तम औषध आहे. पण त्याची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं. त्यामुळे रक्तातली पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांवर सतत लक्ष ठेवावं लागतं. सायकोसिसवरचं, म्हणजे भास-भ्रम होणाऱ्या तीव्र आजारावरचं, क्लोझापिन देताना पांढऱ्या पेशींची मोजणी चुकवता येत नाही. सायकोसिसची अनेक औषधं वजन आणि साखर वाढवतात. एमबीबीएसची साडेपाच वर्षं ज्यांना ‘वाया जाणारी’ वाटतात, त्यांनी हे सगळं डोळ्यांपुढे आणून पाहावं. या क्षेत्रात चांगले समजले जाणारे डॉक्टर मेडिसिन आणि न्यूरॉलॉजी कधीच विसरत नाहीत.

पायरी पहिली : बारावी आणि नीट

भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय, वयाची १७ वर्षं पूर्ण आणि नीट-यूजी परीक्षा. याबद्दल माहिती जागोजागी मिळते, त्यामुळे इथे थांबत नाही. एवढंच सांगतो, मानसोपचाराकडे जाण्यासाठी कोणतं कॉलेज मिळालं याला या टप्प्यावर फारसं महत्त्व नाही. जिथे भरपूर रुग्ण येतात असं कुठलंही सरकारी कॉलेज चांगलंच.

पायरी दुसरी : एमबीबीएसची वर्षं

साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप, असा हा हिशेब. यात मानसोपचाराच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. सध्याच्या नियमांनुसार इंटर्नशिपमध्ये या विभागात दोनच आठवडे असतात. बरेच इंटर्न्स ते दोन आठवडे पीजीच्या, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाच्या अभ्यासासाठी ‘हलकी पोस्टिंग’ म्हणून काढतात. तुम्हाला ही शाखा हवी असेल तर तसं करू नका. हे दोन आठवडे म्हणजे तुमची खरी परीक्षा आहे, आणि ती तुम्हीच स्वतःची घ्यायची आहे.

त्या दिवसांत काय पाहायचं? एका नव्या रुग्णाची संपूर्ण हिस्टरी निवासी डॉक्टर, म्हणजे तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, कशी घेतात ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून पाहा. त्यात रुग्णाचं म्हणणं असतं, नातेवाइकांचं वेगळं म्हणणं असतं, बालपण, शाळा, नोकरी, लग्न, व्यसन, घराण्यातले आजार आणि मग मानसिक स्थितीची तपासणी. तासभर सहज जातो. त्या तासात तुमची उत्सुकता टिकून राहिली का, की घड्याळाकडे लक्ष गेलं? दुसरं म्हणजे वॉर्डातल्या एका रुग्णाला दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत रोज भेटा. स्वतःला देव समजणारा, कोणालाही झोपू न देणारा मॅनियाचा रुग्ण तीन आठवड्यांनी शांतपणे आपल्या शेताची, दुकानाची चौकशी करू लागतो, हा बदल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर बऱ्याच जणांची शाखा पक्की होते. तिसरं, फॉलो-अपच्या ओपीडीत बसा. तिथे तेच रुग्ण वर्षानुवर्षं येतात. आजार पूर्ण जात नाही, आटोक्यात राहतो. शस्त्रक्रियेसारखं ‘काढून टाकलं, झालं’ असं समाधान इथे क्वचित मिळतं. हे पटत असेल तरच पुढे चला.

इंटर्नशिपमध्ये चार आठवड्यांची ऐच्छिक पोस्टिंग असते. तीही मानसोपचारात घेता आली तर अवश्य घ्या.

पायरी तिसरी : पदव्युत्तर प्रवेश

इथे दोन दरवाजे आहेत. पहिला नीट-पीजी. या परीक्षेतून राज्यांच्या आणि अखिल भारतीय कोट्यातल्या एमडीच्या जागा, तसंच मान्यताप्राप्त रुग्णालयांतल्या डीएनबीच्या, म्हणजे राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या एमडीसमकक्ष पदवीच्या जागा भरतात. दुसरा दरवाजा आयएनआय-सीईटी. एम्स, चंडीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमर आणि बंगळूरची निम्हान्स या राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. निम्हान्स ही मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञान यांनाच वाहिलेली संस्था असल्यामुळे तिथली जागा या शाखेतल्या विद्यार्थ्यांना विशेष हवी असते.

एमडी तीन वर्षांची, एमबीबीएसनंतरची डीएनबीही तीन वर्षांची. डीपीएम ही दोन वर्षांची पदविका पूर्वी बरेच जण करत. आता बहुतेक ठिकाणी पदविकेच्या जागांचं एमडीत रूपांतर झालं आहे. पदविका असलेल्यांना डीएनबी करून पुढे जाता येतं. व्यवसाय करण्यासाठी तिन्ही चालतात, मात्र अध्यापनात जायचं असेल तर सर्वसाधारणपणे एमडी किंवा डीएनबी हवी.

प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या राऊंडमध्ये मुलं कॉलेजची नावं आणि शहरं पाहून पर्याय भरतात. मला वाटतं, या सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय इथेच घेतला जातो आणि तोच सर्वांत घाईत होतो. एकाच नावाची पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दोन डॉक्टरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो, आणि तो बहुतांशी ते कुठल्या विभागात शिकले यावरून पडतो. पर्याय भरण्याआधी त्या विभागात सध्या शिकत असलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांना फोन करा आणि सरळ विचारा.

रुग्ण दाखल करून घेणारा स्वतंत्र वॉर्ड आहे का, आणि तिथे तीव्र आजाराचे रुग्ण येतात का? नुसत्या ओपीडीवर चालणाऱ्या विभागात सायकोसिस आणि मॅनिया हाताळायला शिकता येत नाही. व्यसनमुक्तीचं आणि लहान मुलांचं काम वेगळं चालतं का? विभागात चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेत का? नसतील तर थेरपी कोण शिकवणार? ईसीटी, म्हणजे विजेच्या सौम्य झटक्याचा उपचार, होते का? इतर वॉर्डांतून, आयसीयूतून, प्रसूती विभागातून बोलावणी येतात का? आणि शेवटचा प्रश्न, ज्याच्या उत्तराला मी सर्वांत जास्त वजन देईन: तुम्ही पाहिलेल्या नव्या केसवर वरिष्ठ डॉक्टर तुमच्यासोबत बसून चर्चा करतात का, की फक्त सही करतात? जिथे केस-चर्चा रोज होते, तिथे रुग्णसंख्या थोडी कमी असली तरी ते चालेल. उलट हजारो रुग्ण पाहूनही कोणी तुमचं चुकलेलं दाखवलं नाही, तर त्याच चुका पक्क्या होत जातात.

बाँडचे नियमही याच वेळी वाचा. अनेक राज्यांत पदव्युत्तर शिक्षणानंतर ठरावीक काळ सरकारी सेवा द्यावी लागते आणि जागा मध्येच सोडली तर दंड असतो.

पायरी चौथी : रेसिडेन्सीची तीन वर्षं

पहिलं वर्ष पळापळीचं असतं. वॉर्ड, आपत्कालीन विभाग, रात्रीची ड्युटी, खवळलेल्या रुग्णाला सुरक्षितपणे शांत करणं, आत्महत्येच्या प्रयत्नानंतर आलेल्या रुग्णाचा धोका जोखणं. या वर्षात दोन गोष्टी घट्ट बसल्या पाहिजेत. एक म्हणजे हिस्टरी आणि मानसिक स्थितीची तपासणी. रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहिण्याची सवय लावा. ‘भ्रम आहे’ एवढं लिहून भागत नाही. शेजारी भिंतीतून विचार चोरतात असं तो म्हणाला, तर तसंच लिहा. वर्षभरानं निदान बदलायची वेळ आली तर ती वाक्यंच कामाला येतात. दुसरी म्हणजे आत्महत्येबद्दल स्पष्ट, न अडखळता विचारणं. विचारल्यानं माणसाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरतो अशी भीती अनेकांना असते. ती खरी नाही. थेट विचारल्यावर बहुतेक रुग्णांना सुटल्यासारखं वाटतं.

थिसिसचा विषय आणि गाइड पहिल्याच वर्षी ठरतात. रोजच्या ओपीडीत मिळणारे रुग्ण ज्यात बसतील असा विषय घ्या. फार महत्त्वाकांक्षी विषयांपायी तिसऱ्या वर्षी हाल होतात. संशोधन पद्धतीचा ऑनलाइन कोर्स सक्तीचा आहे, तोही लवकर उरकून टाका.

दुसऱ्या वर्षी न्यूरॉलॉजी, मेडिसिन, व्यसनमुक्ती, बालमानसोपचार अशा पोस्टिंग्ज असतात. थेरपीचे रुग्ण घ्यायला हीच वेळ बरी. सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथेच होतं. ओपीडीच्या गर्दीत औषध बदलून देणं अंगवळणी पडतं आणि तीन वर्षं संपतात तरी एकाही रुग्णाची थेरपी पूर्ण केलेली नसते. निदान दोन-तीन रुग्णांसोबत देखरेखीखाली पूर्ण थेरपी करा. एकाची सीबीटी, म्हणजे विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी थेरपी असावी, एक ओसीडीचा, म्हणजे तेच विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होण्याच्या आजाराचा रुग्ण असावा, आणि जमलं तर एखादं जोडपं किंवा कुटुंब. पुढे स्वतः थेरपी केली नाही तरी कोणाला कोणाकडे पाठवायचं हे त्यातूनच कळतं.

याच काळात जिल्हा रुग्णालयातली तीन महिन्यांची सक्तीची पोस्टिंगही येते. अनेकांना ती अडचण वाटते. पण मोठ्या शहरातल्या विभागाबाहेर, मोजकी औषधं आणि एकटे आपण अशा परिस्थितीत काम कसं चालतं हे तिथेच दिसतं. पुढच्या नोकऱ्या मोठ्या प्रमाणावर तिथल्याच आहेत.

कायदा तोंडपाठ हवा. मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. स्वतःहून दाखल होणं, नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणजे रुग्णाच्या वतीनं नेमलेली व्यक्ती, तिच्या अर्जावरून दाखल करणं, आजारपणात कोणते उपचार हवे-नको हे आधीच लिहून ठेवणारे आगाऊ निर्देश, पुनरावलोकन मंडळ हे सगळं रोजच्या वापरात येतं. भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी देण्यावर याच कायद्यानं बंदी आहे. रुग्णाला साखळीनं बांधणंही बेकायदेशीर आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं कायदा गृहीत धरतो, तिला शिक्षा देण्याऐवजी तिची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरतं.

तिसरं वर्ष थिसिस, केस प्रेझेंटेशन आणि परीक्षेचं. चार लेखी पेपर असतात. प्रात्यक्षिकात मानसोपचाराच्या केसेसबरोबर बहुतेक विद्यापीठांत न्यूरॉलॉजीची केसही असते. ती केस ऐनवेळी अनेकांना जड जाते.

पायरी पाचवी : पुढे काय

वैद्यकीय महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं असेल तर साधारण मार्ग एक वर्षाच्या सीनियर रेसिडेन्सीतून, म्हणजे एमडीनंतर विभागातच वरिष्ठ निवासी डॉक्टर म्हणून केलेल्या कामातून जातो. अध्यापनात जायचं नसेल तरी हे वर्ष करा असं मी आग्रहानं सांगेन. निर्णय स्वतः घ्यायचे आणि अडलं तर वरिष्ठ पाठीशी, अशी सोय पुन्हा मिळत नाही.

बाल व किशोर मानसोपचार, व्यसनमुक्ती आणि वृद्धांचा मानसोपचार या विषयांत डीएम हा तीन वर्षांचा अतिविशेष अभ्यासक्रम मोजक्या संस्थांत उपलब्ध आहे. जागा कमी आहेत. बालमानसोपचाराची गरज मात्र इतकी मोठी आहे की डीएम न करताही त्या कामाचा अनुभव घेतलेल्या डॉक्टरला रुग्णांची वाण पडत नाही.

नोकऱ्या : आकडे काय सांगतात

निम्हान्सच्या पुढाकारानं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं आढळलं. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेलेच नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांची संख्या २०१९ मधल्या एका अंदाजानुसार दर लाख लोकसंख्येमागे ०.७५ होती. किमान तीन तरी हवेत, असं तेव्हा म्हटलं गेलं होतं. म्हणजे या शाखेत बेकारीची भीती नाही. पण डॉक्टरांची वाटणी अतिशय विषम आहे. मोठ्या शहरांच्या काही भागांत एकमेकांच्या शेजारी दवाखाने दिसतात, आणि कित्येक तालुक्यांत एकही मानसोपचारतज्ज्ञ नसतो. आपल्याच मोठ्या शहरात राहायचं, असा हट्ट असेल तर जम बसायला वेळ लागतो. जिल्ह्याच्या गावी बसलात तर पहिल्या वर्षातच ओपीडी भरते.

सरकारी बाजूला जिल्हा रुग्णालयं, प्रादेशिक मनोरुग्णालयं, १९९६ मध्ये सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, ईएसआय, रेल्वे आणि सैन्यदलाची वैद्यकीय सेवा आहे. जिल्हा कार्यक्रमातल्या बऱ्याच जागा कंत्राटी असतात. रुजू होण्याआधी मुदत, प्रवासाची व्यवस्था आणि औषधांचा पुरवठा कसा होतो हे विचारून घ्या. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग सक्तीचा असल्यामुळे नवी महाविद्यालयं उघडतात तशी अध्यापनाची पदंही वाढतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनमुळेही या क्षेत्रात कामाच्या नव्या जागा तयार झाल्या आहेत.

खासगीत बहुविशेष रुग्णालयं, व्यसनमुक्ती केंद्रं, स्वतःचा दवाखाना आणि ऑनलाइन सल्ला हे पर्याय आहेत. विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीनं संरक्षण द्यावं असं २०१७ च्या कायद्यात स्पष्ट म्हटलेलं आहे. त्यामुळे खासगी रुग्णालयांना हा विभाग चालवणं हळूहळू सोपं होत आहे. ऑनलाइन सल्ल्याला २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी चौकट घालून दिली, पण शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली आणि अंमली पदार्थांच्या कायद्याखाली येणारी औषधं त्या मार्गानं लिहून देण्यावर बंधनं आहेत. ती माहीत नसताना सुरुवात करू नका.

परदेशात जायचं असेल तर हे एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या आत ठरवलेलं बरं. अमेरिकेत यूएसएमएलई या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा आणि ‘मॅच’ या जागावाटपातून चार वर्षांची रेसिडेन्सी मिळते. कॅनडात ती पाच वर्षांची आहे. ब्रिटनमध्ये तीन वर्षं कोअर आणि तीन वर्षं वरिष्ठ प्रशिक्षण असतं, आणि मधे रॉयल कॉलेजची सदस्यत्व परीक्षा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये किमान पाच वर्षं लागतात. भारतातली एमडी झालेली असली तरी अमेरिकेत सर्वसाधारणपणे रेसिडेन्सी पुन्हा करावी लागते. म्हणून तिकडेच कायम राहायचं नक्की असेल तर इथली तीन वर्षं खर्च करण्याआधी विचार करा.

स्वतःकडे लक्ष

या शाखेत कधी ना कधी आपला रुग्ण आत्महत्येनं जातो. फार काळजी घेणाऱ्या डॉक्टरांच्याही बाबतीत हे होतं. तो दिवस एकट्यानं काढू नका. युनिटच्या वरिष्ठांना लगेच सांगा, केस एकत्र बसून पुन्हा पाहा, कुटुंबाला भेटायला जाताना कोणाला तरी सोबत न्या. रेसिडेन्सीच्या काळात स्वतःची झोप उडाली, चिडचिड वाढली, नको ते विचार येऊ लागले, तर आपल्याच विभागात दाखवायला संकोच वाटेल. अशा वेळी बाहेरच्या तज्ज्ञाकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक कोणत्याही वेळी, डॉक्टरांसाठीही, खुला आहे.

दवाखान्याचं पहिलं वर्ष

नुसती ओपीडी चालवायची की रुग्ण दाखल करायचे, हे आधी ठरवा. दाखल करायचे असतील तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे आस्थापनेची नोंदणी हवी, आणि मनुष्यबळ व नोंदवह्या यांचे निकष पाळावे लागतात. नव्या रुग्णाला पाऊण तास आणि जुन्याला पंधरा मिनिटं, अशी वेळ आखून घ्या आणि गर्दी वाढली तरी ती सहजासहजी मोडू नका. चांगला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ शोधून त्याच्याशी कामाचं नातं जोडा. गावातले फॅमिली डॉक्टर, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना स्वतः जाऊन भेटा. सुरुवातीचे बहुतेक रुग्ण त्यांच्याकडूनच येतात, आणि पाठवलेल्या रुग्णाबद्दल चार ओळींचं उत्तर लिहून पाठवणाऱ्या डॉक्टरकडे ते पुन्हा रुग्ण पाठवतात.